एंगेज लाइनवरची मंडळी

३ नोव्हेंबर १९७८, शुक्रवार

जुन्या मित्राला, विश्वनाथला, फोन लावताना एक आकडा चुकला आणि अर्धा तास तिथेच बसून राहिलो! नंबर एंगेज होता. टूंऽ — टूंऽ — आणि दोन टूंच्या मधल्या फटीत माणसं बोलत होती. क्रॉस कनेक्शन असेल म्हणून ठेवणार, तेवढ्यात एक बाई म्हणाल्या, "नवीन कोणी" — टूं — "आलं वाटते" — टूं — "बसा जी."

फोनवर बसा! मी खरंच खुर्ची ओढली.

हा नंबर कोणाचाच नाही म्हणे. एक्सचेंजमध्ये कुठेतरी बिघाड आहे. जो हा नंबर फिरवेल तो या मंडळीत येऊन पडतो. नियम दोनच. नाव विचारायचं नाही. आणि दुसऱ्याचं बोलणं होईपर्यंत थांबायचं.

६ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा गेलो. 'गेलो' असंच लिहावंसं वाटतं. सकाळी ताराला उमरेडच्या बसमध्ये बसवून दिलं की शनिवारपर्यंत या घरात आवाज कुकरचा आणि माझ्या खोकल्याचा. तिची मुख्याध्यापिकेची नोकरी तिकडे, माझा औषधांचा डेपो इकडे. सहा वर्षं झाली, सवय झाली असं दोघंही सांगतो.

फोन कंपनीचा आहे. अडीअडचणीला कोणाला औषध लागलं तर असावा म्हणून दिलेला. त्यावर मी परक्या लोकांशी हिवाळ्यात दही लागत नाही यावर बोलतो. हे बरोबर नाही. शिवाय बिघाड ठाऊक असून न कळवणं, हेही बरोबर नाही. उद्या कळवीन.

७ नोव्हेंबर

कळवलं नाही.

९ नोव्हेंबर, गुरुवार

आता आवाज ओळखीचे झाले. बोलावणाऱ्या बाई म्हणजे मावशी — सगळेच मावशी म्हणतात. महाल भागातल्या असाव्यात, मागे देवळाची घंटा येते. बोलताना बांगड्या वाजतात. दुसरे वकील. खरे वकील आहेत की नाहीत देव जाणे, पण 'प्रथमतः' म्हणून सुरुवात करतात आणि टूं आली की अडखळतात. बाकी येऊन-जाऊन असणारे.

एक लक्षात आलं. टूंच्या फटीत तीनचार शब्दच मावतात. त्यामुळे माणूस निवडून बोलतो. शिवी द्यायची तरी अर्धी टूंमध्ये जाणार! इतकी सभ्य मंडळी मी आमच्या कॉलेजच्या वादविवाद मंडळातही पाहिली नाही.

११ नोव्हेंबर, शनिवार

ताराला सांगितलं. रागावेल वाटलं होतं. म्हणाली, "तुम्ही घरबसल्या सभा भरवता, आणि मला बसमध्ये टेकायलासुद्धा जागा मिळत नाही."

१४ नोव्हेंबर, मंगळवार

टूं गेली! आपोआप. लाइन एकदम स्वच्छ, जणू सगळे एकाच खोलीत. सर्वांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. मावशी म्हणाल्या, आता पोटभर बोलता येईल जी.

वकील पोटभर बोलले. नळाच्या पाण्याबद्दल. मी चहा करून परत आलो तरी 'द्वितीयतः' चालू होतं.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

नवा माणूस. आल्या आल्या मोठ्या आवाजात — "मी चंपतराव बोलून राहिलो. कोन कोन हाये गा?"

नाव सांगत नाहीत इथे, असं वकील म्हणाले. तर चंपतराव म्हणाले, "काहून? पैसे खाऊन पळाले काय सगळे?"

संत्र्याचे अडते आहेत. बगिचे नरखेडकडे, बायकोमुलं तिकडेच, हे इथे कॉटन मार्केटजवळच्या खोलीत एकटे. हे सगळं न विचारता सांगितलं. वकिलांचं बोलणं तीनदा तोडलं. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर तिसऱ्यांदा बरं वाटलं.

२० नोव्हेंबर, सोमवार

आज जे झालं ते लिहायची लाज वाटते. गोळाभातावरून, डाळीचे गोळे घातलेल्या भातावरून!

मावशी सांगत होत्या की भातावर हिंग-मोहरीची कडकडीत फोडणीच हवी. चंपतराव मध्येच म्हणाले की फोडणी शहरातले लोक घालतात. गोळाभातावर कच्चं जवसाचंच तेल. मावशींनी शांतपणे सांगितलं की त्यांच्याकडे चार पिढ्या फोडणी आहे. "चार पिढ्या चुकून राहिल्या असतील वं," हे चंपतरावांचं उत्तर.

मग सुटलेच सगळे. वकील म्हणाले, जवसाचं तेल गाड्यांच्या चाकांना. कधी न बोलणारा कोणीतरी म्हणाला, ज्यांना भात परवडतो त्यांनी बोलावं. दुसऱ्या कोणीतरी कुत्र्यासारखं भुंकून दाखवलं. मोठा माणूस, चांगला जाड आवाज, आणि भुंकतो! नाव नाही, तोंड दिसत नाही — मग काय. चंपतराव मात्र प्रत्येक वाक्याआधी स्वतःचं नाव सांगून भांडत होते.

मी म्हणालो, "कृपया आपण सर्वांनी जरा संयम ठेवावा." तर चंपतराव म्हणाले, "घ्या, मास्तर आले."

२१ नोव्हेंबर

विचार करतो आहे. चंपतराव उद्धट आहेत, की नुसते त्यांच्या गावासारखे बोलतात? 'गा' आणि 'वं' तर आमच्या डेपोतला धोंडबाही म्हणतो आणि मला त्याचं कधी काही वाटत नाही. मग यांचंच का लागतं? धोंडबा मला साहेब म्हणतो म्हणून?

हा विचार आवडला नाही. पण लिहून ठेवला.

२५ नोव्हेंबर, शनिवार

ताराने हट्टाने रिसीव्हरला कान लावला. मी शेजारी उभा. आजही कडाक्याचं चाललं होतं आणि मी मधूनमधून वाकून समजावत होतो — कृपया, माफ करा, माझ्या मते आपलं विधान.

तिने रिसीव्हर ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही भांडत नाही हो. तुम्ही मार्क देता."

आयुष्यभर मुलींचे पेपर तपासणाऱ्या बाईने हे म्हणावं!

२७ नोव्हेंबर, सोमवार

उपाय सापडला. चंपतराव नव्हते तेव्हा मांडला. जो कोणी मर्यादा सोडेल, त्याच्याशी कोणी बोलायचं नाही. भांडण नाही, अपशब्द नाही — फक्त सगळ्यांनी गप्प राहायचं. वकिलांनी 'उत्तम प्रस्ताव' म्हटलं. मावशी जरा थांबून म्हणाल्या, "तुम्ही सगळे म्हणता तर ठीक हाय जी."

किती सभ्य उपाय! ही मंडळी मोडली तर माझ्या संध्याकाळींत काय उरेल? ती मला मोडू द्यायची नाही.

२८ नोव्हेंबर

चंपतराव आले. आम्ही गप्प. "बिघडला काय गा फोन?" म्हणाले. दोनचारदा हॅलो, मग एक सणसणीत शिवी, मग ठेवला. उपाय लागू पडतो.

२९ नोव्हेंबर

आजही. आज शिवी नाही. "तुमचे श्वास ऐकू येऊन राहिले मले," एवढंच म्हणाले आणि बराच वेळ लाइनवर होते. मीही होतो. ठेवावासा वाटेना, बोलावंसंही — नाही, बोलावंसं वाटत होतं.

३० नोव्हेंबर, गुरुवार

आज चंपतराव हळू आवाजात बोलले. "मावशी, आज फोडणीचं करून पाह्यलं. हातानं केलं. बरं लागलं वं."

आणि मावशी हसल्या! खळखळून. म्हणाल्या, "मोहरी तडतडली होती का पण?"

दोघं बोलायला लागले, वकीलही त्यात घसरणार असं दिसलं. म्हणजे नियम तीन दिवसांत संपला. उद्या भुंकणारा येईल, त्यालाही कोणी हसेल. मला बोलावं लागलं. मी म्हणालो, "मावशी, आपलं शिक्षण किती झालं मला ठाऊक नाही. पण ठरलेली गोष्ट पाळायला शिक्षण लागत नाही."

मावशी "हो जी" म्हणाल्या. बांगड्या वाजल्या आणि त्यांचा फोन ठेवल्याचा आवाज आला. आवाज चढवला नाही मी. एकही वाईट शब्द वापरला नाही.

१ डिसेंबर, शुक्रवार

'शिक्षण' हा शब्द नको होता का? वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. व्याकरणात काही चूक नाही. डेपोत बसूनही तेच. धोंडबाने दोनदा विचारलं, साहेब, काही हरवलं काय.

लाइनवर गेलो नाही.

२ डिसेंबर, शनिवार

ताराला वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ती साडीची घडी करत होती, थांबली. काही मोठं बोलली नाही. "मी शाळेत असं कोणाला म्हणाले असते तर ती मुलगी दुसऱ्या दिवशी आली नसती," एवढंच.

मग मला म्हणाली, सोमवारी आधी त्या मावशींशी बोला. नियमाचं नंतर पाहा. मी विचारलं, पण तत्त्वतः — तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. 'तत्त्वतः' मलाच वकिलांसारखं ऐकू आलं.

४ डिसेंबर, सोमवार

गेलो. मावशींची माफी मागितली, 'कृपया' न लावता. माझं चुकलं, मी फार हलकं बोललो, म्हटलं. कोणी काही बोललं नाही. मावशी आहेत का, विचारलं. बांगड्या वाजल्या. वकिलांनी घसा खाकरल्याचाही आवाज आला. पुन्हा विचारलं. मग चंपतराव बोलले, मोठ्या अदबीने — माझ्याशी नाही, बाकीच्यांशी.

"कोनी बोलू नका जी. मास्तरची पाळी हाये."