मोजून दिलेलं पाणी

अण्णा, आज आठवीला पेशीपटल शिकवलं. तुमच्याच शाळेत, तुमच्याच पद्धतीनं. सकाळी मनुका पाण्यात घातल्या आणि तासाला फुगलेल्या दाखवल्या. एका मुलीनं विचारलं, आत काय येऊ द्यायचं ते पटलाला कसं कळतं? तुम्ही असता तर खूश होऊन घंटा होईपर्यंत बोलला असता. मी म्हटलं, कळत काही नाही, त्याची घडणच तशी असते. तिला ते पटलं नव्हतं.

मला तुमची डायलिसिसची खुर्ची आठवली. तेरहून आपण बसनं धाराशिवला जायचो. शेजारच्या पेशंटला तुम्ही यंत्र समजावून सांगताय: आत एक पटल आहे, रक्तातली घाण त्यातनं पार होते, रक्तपेशी मोठ्या म्हणून अडतात. सुई टोचलेल्या हातानंही तुम्ही हवेत आकृती काढता. मला तेव्हा तुमचा राग यायचा आणि अभिमानही वाटायचा.

डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. पण तुम्हाला भेटायला येणाऱ्याला आधी तांब्या द्यायचा आणि त्याच्या सोबतीनं तुम्हीही दोन घोट घ्यायचे, हे काही सुटेना. शेवटी मी तांब्याच लपवला. येरमाळ्याचे काका भर उन्हात आले, कोरड्या घशानं बसले आणि तसेच उठून गेले. ते गेल्यावर तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "माझ्या किडन्या गेल्यात, घराची रीत न्हाय गेली. आलेल्याला पाणी द्यायचं. माझ्यासमोर द्यायचं." दुसऱ्या दिवसापासून मी देऊ लागले. पाहुणा प्यायचा आणि तुम्ही रिकामा पेला हातात धरून त्याच्याशी बोलत राहायचात.

त्या शेवटच्या दुपारी तुम्ही अर्धा पेला मागितलात. दिवसाचं माप संपलं होतं. मी नाही म्हटलं. "बरं," म्हणालात, पुन्हा मागितलं नाही. पहाटे तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, अर्ध्या पेल्यानं काही फरक पडला नसता. म्हणजे दिला असता तरी चाललं असतं, हे मात्र ते बोलले नाहीत.

हे पत्र कुठं पाठवणार? पण एक कुणालाच सांगितलेलं नाही. त्या दुपारी तुम्हाला नाही म्हटल्यावर मी स्वयंपाकघरात गेले, आवाज होऊ नये म्हणून दार लोटलं, आणि उभ्यानंच तांब्याभर पाणी प्यायले.