रस्ता मोकळा करण्याचं काम

२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२.
बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मीटिंग झाली. एकोणीस माणसं. रस्ता सुरक्षा समिती स्थापन. अध्यक्ष मी. एकमताने. (दुसरं कुणी उभं नव्हतं, पण एकमत ते एकमत.)
मीटिंग बोलावली होती तळमजल्यावरच्या सिस्टरनी. तीस वर्षं हेडनर्स होत्या, त्यामुळे त्यांचे यजमानसुद्धा त्यांना सिस्टरच म्हणतात. त्यांचं म्हणणं, गाड्यांचा वेग कमी व्हावा, फुटपाथ मोकळा व्हावा, सायकलींना वेगळी पट्टी मिळावी. बाईंची तळमळ खरी, पण वाहतूक हा टेक्निकल विषय आहे. बावीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. या रस्त्यावर मला कोण काय शिकवणार.
फुटपाथचा विषय निघाला तेव्हा चार-पाच जणांनी माझ्या दोन गाड्यांकडे पाहिलं. मी समजावलं की त्या फुटपाथवर आहेत म्हणजेच रस्त्यावर नाहीत, म्हणजे सुरक्षितच. आणि तात्पुरत्या आहेत. नऊ वर्षंच झाली.
संकल्प : तीन महिन्यांत आदर्श रस्ता. उद्यापासून रोज सकाळी सहाला उठून पाहणी.

३ फेब्रुवारी. सकाळी ८.३०
जाग आली नाही. गॅलरीतूनही पाहणी तितकीच होते. उलट वरून जास्त दिसतं.
आठ दहाला खाली करकचून ब्रेक लागले. चहा घेऊन येईपर्यंत सगळं पांगलं होतं. रस्त्याच्या मधोमध एक चप्पल पडलेली. डाव्या पायाची. संध्याकाळपर्यंत कुणी न्यायला आलं नाही.
नोंद : लोक वस्तूंच्या बाबतीत फार निष्काळजी.

८ फेब्रुवारी.
सिस्टर आपल्या कंपाउंडच्या भिंतीवर खडूने रेघा मारतात. कुणी थोडक्यात वाचलं की एक रेघ. पाच दिवसांत चौदा. मी म्हटलं, सिस्टर, ही पद्धत शास्त्रीय नाही, हे अपघात झालेलेच नाहीत. त्या म्हणाल्या, म्हणून तर आत्ता मोजतेय, नंतर मोजायला पोलीस येतात.
बाईंचा स्वभाव जरा अशुभ बोलण्याचा आहे. हॉस्पिटलचा परिणाम.

१३ फेब्रुवारी.
आज मूळ सापडलं. औषधांच्या दुकानासमोरचा स्पीडब्रेकर. त्याच्यावर माझे शिकाऊ लोक हमखास गाडी बंद पाडतात, मागचे हॉर्न वाजवतात, शिकणारा घाबरतो. म्हणजे धोका कुणामुळे? ब्रेकरमुळे. रस्ता सरळ, सलग, विनाअडथळा असेल तर चालवणारा शांत राहतो. शांत माणूस कुणाला धडकत नाही.
वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला. तिथल्या इंजिनिअरसाहेबांच्या मिसेस माझ्याकडेच शिकल्या. साहेब म्हणाले, समितीचंच म्हणणं असेल तर बघतो. मी म्हटलं, समितीचंच.
समितीला नंतर कळवायचं.

२१ फेब्रुवारी.
अप्पा, म्हणजे माझे वडील, चार दिवस वाचनालयात गेले नाहीत. वय एकोणऐंशी. छापखान्यात प्रूफरीडर होते. रिटायर झाल्यापासून रोज सकाळी नऊला समोरच्या वाचनालयात, ऊन असो, पाऊस असो. आता म्हणतात, पेपर घरीही येतो की. मी म्हटलं, उत्तम, आराम करायला शिकलात एकदाचे.
ही माझ्याकडे नुसती बघत राहिली. हल्ली हिचं असंच.
कन्या म्हणाली, आजोबा रोज कपडे करून फाटकापर्यंत जातात, दहा-पंधरा मिनिटं उभे राहतात आणि परत येतात. तेवढीच मोकळी हवा.

५ मार्च.
स्पीडब्रेकर गेला. दुपारी मशीन आलं, दोन तासांत रस्ता गुळगुळीत. ग्रुपवर फोटो टाकला. तिसावर मेंबर आहेत, अंगठे दोन आले. त्यातला एक चुकून माझाच दाबला गेला.
संध्याकाळी गॅलरीत उभा राहून पाहिलं. गाड्या इतक्या अलगद जात होत्या की आधी गाडी दिसेनाशी व्हायची, मग आवाज यायचा. कपाटातले पेले किणकिणतात, ही ते हलवून ठेवणार आहे.
सिस्टरनी फोन करून विचारलं, हे कुणी केलं. मी म्हटलं, प्रशासनाने.

१५ मार्च.
भिंत भरली. सिस्टर आता फाटकाच्या खांबावर रेघा मारतात.
कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याने आपली पेटी चार फूट मागे घेतली. अठरा वर्षं एका जागी बसणारा माणूस. कारण विचारलं तर म्हणाला, पाठीला वारा लागतो. इथे वारा कुठला?
औषधवाल्याच्या पायरीवर झोपणारं कुत्रं आठवडाभर दिसलं नाही. औषधवाल्याला विचारलं. तो म्हणाला, नका विचारू. हल्ली कुणाला सरळ उत्तर द्यायला नको.

२३ मार्च, रविवार.
मीटिंग. चक्क बेचाळीस माणसं. माझ्या कामाचा प्रभाव पडतोय.
सिस्टरचा ठराव असा : ब्रेकर परत बसवावा, आणि एका रविवारी सकाळी अर्धा रस्ता फक्त चालणाऱ्यांना आणि सायकलींना देऊन बघावा. ड्रम आपण आणू, कुंड्या आपण आणू, उभे आपण राहू. वॉर्ड ऑफिसने फक्त परवानगी द्यायची. अर्जावर दोनशे बारा सह्या. गोळा करणारी आमची कन्या. तीन आठवडे घरोघर हिंडत होती, मला वाटलं कॉलेजचं काही असेल.
पहिली सही अप्पांची. अक्षर छापल्यासारखं. दुसरी हिची.
अध्यक्ष या नात्याने अर्ज अभ्यासासाठी माझ्याकडे घेतला. घाईत निर्णय नकोत. ड्रॉवरमध्ये ठेवलाय, व्यवस्थित, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये. उपसमिती नेमायची आहे. अध्यक्ष मीच असेन.

२ एप्रिल. सकाळी ९.
सकाळी अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला. नाश्ता करताना विचारलं, अर्ज गेला का. मी म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. ते म्हणाले, दहा दिवस झाले. मी म्हटलं, अप्पा, सरकारी कामाला वेळ लागतो. ते म्हणाले, सरकारकडे अजून गेलंय कुठे. मग बूट घातले आणि म्हणाले, वॉर्ड ऑफिस वाचनालयाच्या शेजारीच आहे, मीच विचारून येतो.
दीड महिन्याने बाहेर पडले. रस्ता सुधारल्याचा याहून मोठा पुरावा नको. आजच्या तारखेला हे मुद्दाम लिहून ठेवतो.

२ एप्रिल. दुपारी ३.
हॉस्पिटल. अप्पांचं मांडीचं हाड मोडलंय, खुब्याजवळ. उद्या ऑपरेशन.
फुटपाथवर माझ्या गाड्या होत्या म्हणून वळसा घालायला खाली उतरले. मोटरसायकल होती. थांबली नाही. औषधवाला पहिला धावला. तो म्हणतो, ब्रेकर होता बरोबर तिथेच. मी म्हटलं, असं एकदम म्हणता येणार नाही. त्याच्या शर्टाला रक्त लागलं होतं.
डॉक्टरांना सांगितलं की मी त्या रस्त्याच्या समितीचा अध्यक्ष आहे. ते म्हणाले, इथे मुलाची सही लागेल.

५ एप्रिल.
ऑपरेशन नीट झालं. दुपारी सिस्टर अप्पांजवळ बसतात. माझ्याशी फक्त औषधांच्या वेळा बोलतात.
अप्पांनी एकच गोष्ट विचारली, अर्ज गेला का. मी म्हटलं, गेला.
घरी येऊन ड्रॉवर उघडला, म्हटलं निदान उद्या तरी देऊन टाकू. फोल्डर होतं, अर्ज नव्हता. कन्येने तीन तारखेला सकाळी नेऊन दिला. पोच घेतली. पोच अप्पांच्या उशीखाली आहे. म्हणजे मी गेला म्हटलं तेव्हा त्यांना माहीत होतं.
एका अर्थी मी खरंच बोललो.

११ एप्रिल.
परवानगी आली. रविवार, वीस तारीख, सकाळी सहा ते नऊ. पत्र सिस्टरच्या नावाने. कारकुनाची चूक असणार. भाषण लिहायला घेतलं. अकरा मिनिटांचं होतंय. त्यात अप्पांचा उल्लेख करावा की नाही, ठरत नाही.

२० एप्रिल, रविवार. सकाळी ११.
सहाला उठलो. खरंच उठलो. खाली गेलो तर सगळं मांडून झालेलं. रंगवाल्याचे ड्रम, दोरी, घराघरातल्या कुंड्या. आमच्याही सहा. फुटपाथ झाडून स्वच्छ. माझ्या गाड्या नव्हत्या. हिने किल्ल्या दिल्या म्हणे, चार जणांनी नेऊन मैदानापलीकडे लावल्या.
माइक कुठे आहे विचारलं. नव्हता. भाषणं ठेवलेलीच नव्हती.
मुलं सायकली घेऊन आली. बायका रस्त्याच्या मधून गप्पा मारत चालल्या. पंक्चरवाला पेटी घेऊन पुढे येऊन बसला. एक म्हातारे गृहस्थ, मी कधी पाहिलेले नाहीत, काठी टेकत आमच्या फाटकापासून वाचनालयापर्यंत गेले आणि परत आले. आणि पुन्हा गेले. समोरच्याच बिल्डिंगमध्ये सोळा वर्षं राहतात असं कळलं.
अध्यक्षपदाबद्दल कुणी काही बोललं नाही. काढलं असं नाही. कुणी विचारलंच नाही. सिस्टरनी विचारलं, पाण्याचे कॅन कोण उचलेल. मी उचलले.
नऊला ड्रम बाजूला केले. पाच मिनिटांत पहिली गाडी गेली.

२१ एप्रिल, सोमवार. सकाळी १०.३०
अप्पांचा डबा घेऊन निघालो. गाड्या लांब, म्हणून पायी. हॉस्पिटल रस्त्यापलीकडे, दोन गल्ल्या सोडून.
बावीस वर्षांत हा रस्ता कधी चालत ओलांडला नव्हता, हे फाटकापाशी उभा राहिल्यावर लक्षात आलं. एक पाय खाली टाकला, मागे घेतला. पुन्हा टाकला. घड्याळ पाहिलं, चौदा मिनिटं गेली होती. माझ्याच स्कूलची गाडी आली. शेजारी बसलेल्या माझ्या इन्स्ट्रक्टरने मला हात केला. गाडी थांबली नाही. चालत्या ट्रॅफिकमध्ये मधेच थांबायचं नाही, हे मीच शिकवलंय.
सिस्टर पिशवी घेऊन आल्या. एक हात गाड्यांना दाखवला, दुसऱ्या हाताने माझा दंड धरला. मध्यावर माझे पाय थांबले. त्या म्हणाल्या, इकडे-तिकडे बघू नका, चला. चाललो.
अप्पा उठून बसले होते. विचारलं, कसा आलास. म्हटलं, चालत.
म्हणाले, रस्ता कुणी ओलांडून दिला.
मी डबा उघडला. अप्पांनी पाय जरा बाजूला घेतले आणि मला कॉटवर बसायला जागा केली.