खळ्यावरची सवय

१८ ऑगस्ट १९५८
कॉलेजच्या बास्केटबॉल संघात घेतलं! आणि लगेच बोलणीही खाल्ली. हैबतराव सर म्हणाले, "जयसिंग, चेंडू घेऊन दर वेळी डावीकडंच वळतोयास. समोरच्याला दोन मिन्टांत कळतंय." सर घोटावड्याचे, म्हणून माझ्याशी गावच्या बोलीत. पुण्याच्या पोरांशी मात्र अगदी छापील बोलतात.

३ सप्टेंबर
आज सायकल दोनदा पंक्चर. भुकूमला घरापर्यंत ढकलत आलो. आणि हो— सरावात पुन्हा डावीकडंच वळलो.

२३ नोव्हेंबर
रविवार. सर एसटीनं आमच्याकडं आले. खळ्यावर भाताची मळणी चालू होती. चपला बाहेर काढून सर आत आले आणि भर उन्हात मधल्या तिवड्याला, बैल ज्याच्याभोवती फिरतात त्या खांबाला, धडकले! ऊन डोळ्यांवर आलं म्हणाले.

मग विचारतात, बैल कुठल्या अंगाला फिरतात? मला वाटलं परीक्षा घेतायत. डावीकडं, म्हटलं. लहानपणापासून तूच हाकतोस ना, म्हणाले, आणि हसायलाच लागले. खरंच की! बैलांच्या मागं दहा वर्षं डावीकडंच फिरलोय, पाय दुसरं काय शिकणार? माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

दादांनी गंमत म्हणून बैल उलटे फिरवून बघितले. ढवळ्यानं मान खाली घातली, जागचा हलेना. मला त्याची बाजू पटली.

७ डिसेंबर
मळणी उरकली. बूड नसलेली वेताची पाटी बास्केट म्हणून तिवड्याला उंच बांधली. रोज शंभर वेळा उजवीकडून जायचं, सरांचा हुकूम. पाटीचं बूड मीच काढलं हे आईला कळलं. दिवसभर ऐकून घेतलं.

११ जानेवारी १९५९
अंतिम सामन्यात पोचलो! सर मार्चमध्ये निवृत्त होणार. एकोणीस वर्षं संघ शिकवला, चार वेळा अंतिम सामना, चषक एकदाही नाही. हल्ली बाकावर डोळे मिटून बसतात, ओरडत नाहीत. थकले असतील. यंदा तरी चषक त्यांच्या हातात पडावा. माझ्या डाव्या पायामुळं राहिला तर तोंड कसं दाखवू?

२४ जानेवारी
जिंकलो! शेवटच्या मिनिटाला बरोबरी. चेंडू माझ्याकडं, समोर त्यांचा उंच गडी. उजवीकडं जायचं पक्कं ठरवलं— आणि पाय गेले डावीकडंच! तो गडीच घसरून पडला, म्हणून बास्केट झाली. निव्वळ नशीब. चषक सरांनी दोन्ही हातांनी चाचपून बघितला. मी त्यांच्यासमोर गेलोच नाही. बोलणी बसतील ती खुशाल खाईन.

१ फेब्रुवारी
घोटावड्याला सरांकडं गेलो. त्यांच्या मंडळींनी, सगुणाकाकूंनी, चहाची कपबशी सरांच्या हातात दिली आणि त्यांची बोटं कपाच्या कानाला लावून दिली. सर म्हणाले, "दिवाळीपासून दिसत न्हाई मला. सांगितलं असतं तर संघ काढून घेतला असता." मग हळूच, "शेवटाला उजवीकडनं गेलास न्हवं?"

"व्हय सर. उजवीकडनंच."

केवढे खूश झाले! घरी येऊन खळ्यावर शंभर वेळा उजवीकडून गेलो.