सात नंबरच्या पिशवीतलं सोनं

प्रिय वैशू,

कळव्याच्या गाळ्यातला दगड फोडायचा क्रशर मी केला, ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांपासून. पुडीचे सारखे दोन वाटे पाडणारा पन्हाळीचा डबा मी केला. चाळण्या हलवायचं यंत्र शिलाई मशीनच्या मोटरवर मी बसवलं. भिंतीवरची पाटीसुद्धा माझ्याच हातची, ‘अंगावर सोनं असल्यास नमुन्याला हात लावू नये.’ ती रंगवताना तू म्हणालेलीस, बाबा, आपल्याकडे सोनं आहे कुणाच्या अंगावर?

भंडाऱ्याकडच्या त्या टेकडीचं तुला सांगितलेलं. आपल्याकडे पार खडवलीच्या पुढपर्यंत काळा दगड, त्यात सोनं शोधणारा वेडाच. तिकडे मात्र फार जुन्या खडकात पांढऱ्या गारेची, म्हणजे गारगोटीच्या दगडाची, शीर आहे, कमरेइतकी रुंद. इंग्रजांच्या वेळी कुणीतरी तिच्यावर खड्डा घेतला आणि सोडून दिला. पुढे सरकारी लोकांनी चर खणले. सोन्याचा नुसता वास लागला, तेही परतले. मग ही कंपनी आली आणि नमुने तपासायला माझ्याकडे आले. सहा पिशव्यांत काही नाही. सातवीत टनाला अकरा ग्रॅम! ती पिशवी जुन्या खड्ड्याच्या तळाची. कंपनीने लगेच तो खड्डा आणखी खाली न्यायला घेतला, आधाराला एक लाकूड न लावता. गणपतीत भिंत बसली. उत्तम नावाचा मजूर आत गाडला गेला. त्याची बायको गोदा काठावरून हाका मारत होती म्हणे.

गारेतलं सोनं सगळीकडे सारखं नसतं. सहा ठिकाणी शून्य आणि सातव्या ठिकाणी अकरा, असं होतं कधीकधी. तेवढं म्हणून गप्प बसता आलं असतं. पण सातची उरलेली पूड गाळ्यावर होती. ती पाण्यात धुतली, भिंगाखाली धरली. कण खरवडून काढल्यासारखे, कडा वळलेल्या. कल्याणच्या सोनाराकडे नेले, तर तो म्हणाला, दागिन्याचं आहे, तांब्याचा मेळ आहे. डोंगर काही तांबं मिसळून दागिना घडवत नाही, वैशू.

सातची पूड चाळायची त्या दिवशी चाळणीच्या यंत्राचा पट्टा तुटलेला, तो आणायला मी ठाण्याला गेलेलो. गाळ्यावर धम्मपाल एकटा. तुमच्या साखरपुड्याला आठवडाही झाला नव्हता. काम अडू नये म्हणून त्याने सातची पूड चाळणीवर हाताने चोळली. विचारलं तेव्हा पोराने काही लपवलं नाही. म्हणाला, “बाबा, पाटी वाचलेली मी. पण वैशू म्हणालेली ना, काढलीस तर बघ हं.” आणि बोट पुढे केलं. अंगठीची तळहाताकडची बाजू घासून चपटी झालेली. तू थट्टेत म्हणालेलीस, मला ठाऊक आहे. त्याने ती थट्टा पाळली. यात तुझा दोष मी धरत नाही, तूही धरू नकोस.

हे फोनवर सांगितलं असतं तर तू हॉस्टेलच्या जिन्यात रडत बसली असतीस आणि पुढचं ऐकायचं राहिलं असतं. पुढचं असं. कंपनी त्याच शिरेवर, शेजारी दुसरा खड्डा घेते आहे, आणि उतरणाऱ्यांत उत्तमचा सख्खा भाऊ आहे. म्हणून काल मी कंपनीला आणि सरकारी खाण खात्याला लिहून दिलं, की सातचा आकडा खोटा आहे, आणि कसा झाला तेही. धम्मपालचं नाव त्यात आहे. नाव गाळून खरं लिहायचा प्रयत्न केला, जमलं नाही. चौकशी होईल. त्याच्या आईने निरोप पाठवलाय, लग्नाचं आता आमच्याकडे बोलू नका. हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको, म्हणून हे पत्र. आणि एक गोष्ट उद्या तुला कुणीतरी टोमण्यात सांगेलच, तीही माझ्याकडूनच ऐक. लिहून देण्याआधी मी कंपनीला फोनवर शंका कळवलेली, तेव्हा त्यांचा साईनाथ गाळ्यावर आलेला. म्हणाला, “काका, मेलेला माणूस परत येणार आहे का? पोरीचं लग्न बघा.” ‘सातचा नमुना स्वच्छ होता’ एवढ्या एका ओळीखाली सही करायची होती. त्या बदल्यात धम्मपालला कंपनीत कायमची नोकरी आणि माझ्या हातात अठरा लाख रुपये. मी नाही म्हणालो.

तुझाच,
बाबा