०.०१ चा टेकू

१२ जाने., सोम.
पत्र आलं. पीएचडीची तोंडी परीक्षा ३० तारखेला, शुक्रवारी. आठ वर्षं याचीच वाट पाहिली आणि वाचून पत्र उलटं ठेवलं. सुहास म्हणाला, "नवऱ्याने पेढे कधी वाटायचे, आधी की नंतर?" म्हटलं, गप बस.
दुपारी तेजलचा फोन. माझ्या गाइड सरांकडे पीएचडीला नवीन लागलेली मुलगी, माझ्या प्रबंधावरून पुढचं काम करायचंय तिला. "मॅडम, तुमच्या समीकरणातून तुमचा वाऱ्याचा वेग मला मिळतच नाहीये. माझंच चुकत असणार."
म्हटलं, पुन्हा बघ.

१३ जाने.
तेजल दहादा तपासल्याशिवाय फोन करणारी नाही.
समीकरण दिसायला गरीब. सूर्यापासून, तशा कुठल्याही ताऱ्यापासून, वारा निघतो, वेग घेत जातो. एका अंतरावर त्याचा वेग तिथल्या ध्वनीच्या वेगाइतका होतो, आणि नेमकं तिथे उतार काढायला जावं तर शून्य भागिले शून्य. त्या बिंदूतून बाहेर सुखरूप नेणारी रेषा एकच. जरा इकडेतिकडे झालं की वारा मंदावतो, नाहीतर गणित मोडतं. पहिल्या वर्षी मीपण तिथेच अडकले होते. मग कशी सुटले, ते आठवत नाही.
खोटं. आठवतंय.

१४ जाने., संक्रांत
कॉलेजात ऑफ तासाला प्रोग्राम उघडला. ओळ २१२. भाजकात + ०.०१. शून्य होऊ नये म्हणून. शेजारी माझीच टीप: "तात्पुरता टेकू. नंतर काढणे."
काढलाच नाही. प्रकरण ४, ५, ६ त्यावर उभी. सरांच्या नावासकट छापलेला पेपरही.
स्टाफरूममध्ये तिळगूळ. "गोड बोला, डॉक्टरीणबाई." हसले. काय करणार.

१७ जाने., शनि.
तपासणं सोपं आहे. ०.०१ चे ०.००५ करायचे आणि चालवायचं. उत्तर तेच आलं तर सुटले. दहा मिनिटांचं काम, तीन दिवस झाले. आज माळा आवरला, चवळी निवडली, सु.चे शर्ट इस्त्री केले. लग्नाला अकरा वर्षं झाली, त्याचा शर्ट मी कधी इस्त्री केला नव्हता. तो घाबरून म्हणाला, "बरं नाहीये का तुला?"
भित्री आहे मी. एक नंबरची.

१८ जाने., रवि.
भुईगावला, माहेरी. बाबांनी अख्ख्या आळीत सांगून ठेवलंय, लेक डॉक्टर होतेय. शेजारच्या फिलूमावशी गुडघा दाखवायला आल्या. म्हटलं, मावशी, मी त्यातली नव्हे.
बाबा केळींना पाणी लावत होते. "काय गो, तुझा सूर्याचा वारा काय म्हनतो?"
"बाबा, चुकलंय बहुतेक."
"कोनाला कळलंय?"
"नाही."
"मग पानी पी नि गप रा."
इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

१९ जाने., सोम.
चालवलं.
०.००५ ला वेग बदलला. ०.००१ ला आणखी. हळू फिरणाऱ्या ताऱ्यांचा वारा जास्त वेगवान असतो, हा माझा शोध. टेकू बारीक करत गेले तसा तो जास्तपणा विरत गेला. म्हणजे तो ताऱ्यांचा नव्हताच. टेकूचा होता.
बारावीचा तास घेतला. काय शिकवलं देव जाणे.

२१ जाने.
नीट पद्धत अशी: सूर्यापासून निघायचंच नाही. त्या अवघड बिंदूवरच उभं राहायचं, तिथला उतार कागदावर काढायचा, मग एकदा आत जायचं, एकदा बाहेर. न फिरणाऱ्या ताऱ्यासाठी केलं, रेषा कशी लोण्यासारखी गेली. पाच मिनिटं भीती विसरले.
फिरणारे तारे सगळे पुन्हा करायचे तर चार महिने. हातात नऊ दिवस.

२३ जाने., शुक्र.
सरांना फोन केला. सगळं सांगितलं. म्हणाले, "किती जणांना माहितीये?"
बाबांचाच प्रश्न. फक्त शुद्ध भाषेत.
"परीक्षकांचे अहवाल चांगले आहेत. परीक्षा देऊन टाका. दुरुस्ती नंतर बघू."
"आणि तेजल?"
"तिला विषय बदलून देतो. कारण सांगायची गरज नाही."
मी "हो सर" म्हणाले. मीच म्हणाले.

२६ जाने., सोम.
झेंडावंदनाहून आले तर तेजलचा मेसेज. "सरांनी विषय काढून घेतला. मला गणित जमत नाही असं वाटतंय का त्यांना? घरचे म्हणतात सोडून दे." वाचला, निळ्या खुणाही गेल्या असतील तिला. उत्तर दिलं नाही. जेवण गेलं नाही.

२८ जाने., बुध.
मनवेलपाडा, तेजलचं घर, तिसरा मजला. तिच्या आईने चहा दिला, म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगा हिला, झेपत नसेल तर कशाला जिवाला त्रास." तेजल मान खाली घालून. म्हटलं, वह्या दाखव.
नोव्हेंबरची वही. बिंदूवरून सुरुवात, उतार, एकदा आत, एकदा बाहेर. सगळं. फिरणाऱ्या ताऱ्यासकट. शेवटच्या ओळीपर्यंत बरोबर.
पूर्ण पानावर लाल पेनची फुली. खाली तिच्या अक्षरात: "मॅडमच्या उत्तराशी जुळत नाही. चूक."
फुलीवर बोट ठेवून म्हटलं, हे बरोबर आहे.
ती पानाकडे बघत राहिली. मग, "मॅडम, मग तुमचं?"
सांगितलं. तिने वही मिटली. रागावली असती तर बरं झालं असतं.

२९ जाने., गुरु.
उद्या अकरा वाजता. वही मागून आणलीये, बॅगेत आहे. सरांना सांगितलेलं नाही. सु.ला सांगितलं, तो म्हणाला, "तू ठरव, मी आहे." तो आहेच. परीक्षकांपुढे बोलायचं मला आहे.
संध्याकाळी तेजलचा फोन. "मॅडम, तोंडी परीक्षा ऐकायला कुणीही बसू शकतं ना? येऊ मी?"
नको म्हणायचं धाडस झालं नाही. ये म्हणायचंही झालं नाही. म्हटलं, हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे.