चष्मा विसरलेली आजी

प्रिय क्वेन,

अक्षर ओयुनचं आहे, बोलणं माझं. ती मंगोल पोरगी जेवणाच्या टेबलाशी वही घेऊन बसली आहे आणि मी लसूण सोलते आहे. हात कापतो म्हणून तू लिही, असं तिला सांगितलंय. तू आमचं ग्योंग्जू शहर सोडून व्हिएतनामला परत गेलीस त्याला सहा महिने होतील. तुझी खोली मी अजून कुणाला दिली नाही. दोन मुली बघून गेल्या. एकीला म्हटलं, छत गळतं. दुसरीला म्हटलं, मी घोरते. दोन्ही खरं आहे, म्हणून पाप लागायचं नाही.

परवा ओयुनने तुझी खबर सांगितली. शिक्षण अर्धं टाकून तू बुटांच्या कारखान्यात लागलीस, आणि वडील तुझ्याशी बोलत नाहीत. त्यांच्या मते पोरगी मित्रमैत्रिणींबरोबर देवळं आणि तळी बघत हिंडली, कागदपत्रांकडे ढुंकून पाहिलं नाही, म्हणून व्हिसा गेला. तुझ्या धाकट्या बहिणीने, लानने, बाहेर शिकायला जायचं नाव काढलं, तर 'एकीने दिवे लावले तेवढे पुरे' म्हणून त्यांनी तिचा अर्जच फाडला. हे ऐकल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. ओयुन म्हणते, 'आजी, सकाळी दोन वाट्या भात उतरला की!' तू लिही गं, मध्ये बोलू नकोस.

हिंडलात हे मात्र खरं. तू, ओयुन आणि तो उझबेक शेरझोद, रविवार उजाडला की तिघांच्या पायांना भिंगरी. आणि मला ओढायचात. 'आजी, जन्मभर इथे राहता आणि बुल्गुक्साचं देऊळ पाहिलं नाही?' मी म्हणायचे, देऊळ काय पळून जातंय? आणि राजांच्या थडग्यांचं मला काय कौतुक? थडगी म्हणजे गवताच्या टेकड्या, लहानपणी त्यांच्यावरून आम्ही पोत्यावर बसून घसरायचो. पण तुम्ही ऐकताय थोडंच. मग मी पहाटे उठून शेवाळाच्या पानात भात गुंडाळून किमबाप वळायची. शेरझोदसाठी डुकराच्या मांसाऐवजी अंड्याचे वेगळे, आणि तरी तो मेला तुझ्या डब्यातले पळवायचा.

जिथे जाऊ तिथे पाटी उभी. आणि पाटी दिसली की मी पिशवी चाचपायची. 'अगंबाई, चष्मा राहिला! वाच बघू क्वेन, तुझा सराव होईल.' तू अडखळत वाचायचीस, मी उच्चार सुधारायची. 'आजी, आमच्या वर्गातल्या बाईंपेक्षा तुम्ही बऱ्या,' तू म्हणायचीस. शेरझोद म्हणाला, 'आजी, तुमचा चष्मा घरकोंबडा आहे, घर सोडून बाहेर पडतच नाही.' सगळे हसलात. मीही हसले.

क्वेन, मला वाचता येत नाही. एक अक्षर येत नाही.

ओयुनचं पेन थांबलंय. माझ्याकडे काय बघतेस? लिही. सात वर्षांची होते तेव्हापासून धाकट्या भावाला पाठुंगळी घेऊन शाळेत पोचवायची. तो आत जायचा, मी दारातून मागे फिरायची. आमच्या वेळी मुलीला भात शिजवता आला की तिचं शिक्षण झालं. पुढे नवऱ्याने कधी विचारलं नाही, मुलगा नोकरीला उल्सानला गेला, आणि मी पोरांना खोल्या भाड्याने देऊन खानावळ चालवायला शिकले. विजेचं बिल मी रंगावरून ओळखते, पाण्याचं आकारावरून. निवडणुकीच्या पत्रकावर तर चेहरेच असतात, मतपत्रिकेवर त्याचा आकडा शोधते. कुणाला कळलं नाही.

आता नीट ऐक. बोमुनच्या तळ्यात त्या हंसाच्या होडीतून फोटो काढताना तुझा फोन पाण्यात पडला, आठवतं? तू नवा नंबर घेतलास, जुन्यावर कचेरीने कळवलेलं तुला पोचलं नाही. त्याच आठवड्यात, तुम्ही सगळे वर्गात असताना, पोस्टमन आला. त्याच्या यंत्रावर सही म्हणून मी बोटाने एक गोल काढला आणि पाकीट घेतलं. पांढरं, बिनरंगाचं. उघडलं तर खाली लाल शिक्का. एवढं कळलं की महत्त्वाचं आहे. पण कुणाचं? घरात तुम्ही तीन पोरं. 'हे कुणाचं गं?' असं विचारावं, तर वर नाव लिहिलेलं असताना विचारणारी बाई कोण असते, ते पोरांना कळणारच.

म्हणून माझ्याकडे सगळ्यात सुरक्षित जागा जी, तिथे ठेवलं. पेटीत, माझ्या मरणाच्या कपड्यांखाली. रीतीप्रमाणे अधिक महिन्यात शिवून ठेवलेत ते, तिथे कुणी हात लावत नाही. मनात हिशेब असा, की रविवारी पिशवीत घालून न्यायचं आणि पाट्यांसारखंच वाचून घ्यायचं. 'चष्मा राहिला, कुणाचं काय आलंय बघा.'

नेलं होतं मी. त्या रविवारी आपण तीन थडग्यांजवळच्या पाइनच्या झाडांखाली बसलो होतो. राजाची गोष्ट सांगा म्हणून तुम्ही मागे लागलात आणि मी तोंडाला येईल ती सांगितली. रुसलेली राणी, बोलका बगळा, काय वाटेल ते. तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून म्हणालीस, 'आजी, तुम्हाला सगळं येतं.' हात पिशवीत होता गं. पाकीट बोटांना लागत होतं. पण तुझ्या तोंडचं ते वाक्य मला सोडवेना. संध्याकाळी कागद पुन्हा पेटीत गेला. पुढचा रविवार पावसात गेला, आणि त्यानंतर मीच स्वतःला समजावलं, जाहिरात असेल.

वर्गातल्या बाईंकरवी तुला व्हिसाच्या कचेरीत बोलावलं, व्हिसा गेल्याचं सांगितलं आणि तू रडत घरी आलीस. 'आजी, मला कुणी कळवलंच नाही हो!' मी तुझ्यापुढे समुद्री शेवाळाचं सूप ठेवलं आणि म्हटलं, गरम आहे तोवर खा. पेटीतला कागद तुझाच, हे तोवर माझ्या लक्षात आलं होतं. तरी सांगितलं नाही. बसस्थानकावरही तेच. तू खिडकीतून हात हलवत होतीस आणि मी शेरझोदला ओरडत होते, की बॅग नीट ठेव.

तू गेल्यावर कागद घेऊन त्या कचेरीत गेले. खिडकीतल्या मुलीने वाचून दाखवला. काही मोठं नव्हतं. तू माझ्याकडे राहतेस, एवढं लिहून त्यावर घरमालकिणीची सही हवी होती. माझी सही. मी म्हटलं, आत्ता करते. ती म्हणाली, 'आजी, मुदत संपली.' मी विचारलं, ती इथे असताना आणलं असतं तर? ती मान खाली घालून म्हणाली, 'तेव्हा विनंती करून बघता आली असती.' तिथल्या बाकावर बसून राहिले. शेवटी तिनेच पाणी आणून दिलं.

तुझा व्हिसा मला परत आणता येत नाही. विमानाने तुझ्या वडिलांपुढे येऊन उभं राहावं, तर गुडघे जिना उतरू देत नाहीत, आणि त्यांची भाषाही येत नाही. क्षमा मागत नाही. तू ती लगेच देशील, आणि मग मला आणखी वाईट वाटेल. हे पत्र लिहून घेतलं ते वडिलांसाठी. त्यांना समोर बसव, लानलाही बसव, आणि तुमच्या भाषेत पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाच. त्यांना कळू दे, की पोरगी हिंडली ती अभ्यास सांभाळून, आणि कागद दडवला तो एका म्हातारीने, शरमेपोटी. बोल लावायचा तर मला लावा, लानला कोंडू नका. ओयुन बराच वेळ नाक ओढत लिहिते आहे. माझी बाजू सावरायला तिने कुठे काही गोड घातलं असेल, तर मला ते कळायचं नाही. तू ते गाळून वाच.

तुझीच, आणि तुझ्या वडिलांची अपराधी,
किम मालसून