आठवं मिनिट

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. मी बरी आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फाडायच्या आधी एकदा वाचशील एवढी आशा आहे. माझी खोली तीच. समोरचं बिऱ्हाड गेलं, तेव्हापासून मजल्यावर मी एकटीच. रविवारी बोलायला कोणी नसतं, मग दूधवाल्यालाच धरून हवापाण्याच्या गप्पा मारते. बिचारा हल्ली दूध ठेवून पळ काढतो.

गेल्या वर्षी इस्पितळातच माझी बदली स्नायूंच्या तपासणीच्या खोलीत झाली. लोकांना जागच्या जागी सायकल चालवायला लावायची आणि दर मिनिटाला त्यांची नाडी लिहायची. घाम त्यांचा, पगार माझा.

मंगळवारी एक पोस्टमन आले. जिना चढताना दोनदा बसतात म्हणून ऑफिसात त्यांची चेष्टा होते. आधी त्यांना मिनिटभर मूठ आवळायला लावली आणि रक्त काढलं. मेहनत केली की रक्तातलं लॅक्टेट वाढतं. त्यांचं होतं तिथेच राहिलं. मग सायकल. सहाव्या मिनिटाला नाडी एकशे अठ्ठेचाळीस, मांड्या दगडासारख्या. "बाई, उतरवा मला." मी म्हटलं, हळू चालवा, पण थांबू नका. आठव्या मिनिटाला नाडी एकशे पंधरावर आली. सायकलचा भार तेवढाच, मी काहीही बदललं नव्हतं. ते हसले. "आता म्हणाल तेवढी चालवतो. म्हणून तर लोक म्हणतात, हा सोंगं करतो."

माझं लिहिणं तिथेच थांबलं, ताई.

असा रुग्ण मी पहिल्यांदाच पाहिला. डॉक्टरांनी समजावलं, यांच्या स्नायूंना स्वतःत साठवलेली साखर वापरता येत नाही. आधी पाय अडतात. थोड्या वेळाने रक्तातून दुसरं इंधन पोचतं, मग चालता येतं. हे जन्मापासूनच असतं.

शाळेच्या वाटेवर तू पुलाच्या कठड्याला टेकून चपलेचा पट्टा नीट करायचीस. चांगला धडधाकट पट्टा. मी न थांबता पुढे निघून जायचे. थोड्या वेळाने तू मला गाठायचीस आणि माझ्या बरोबरीने चालायचीस. घरी येऊन मीच बाबांना सांगायचे, "बघा, आता कशी चालते! नुसती नाटकं." म्हणून तर त्यांनी तुला मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या.

त्या संध्याकाळी तू मला न्हाणीघरात बोलावलंस. तुझी लघवी काळ्या चहासारखी झाली होती. "आईला सांग," म्हणालीस. तुला उभंही राहवत नव्हतं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फेऱ्यांचं खापर माझ्यावर फुटलं असतं. स्नायू फुटले की तसं होतं, मूत्रपिंडं जाऊ शकतात. तू वाचलीस, त्यात माझा काहीच हात नाही.

मावशी म्हणाली, तू जिममध्ये नाव नोंदवलंयस, वजनं उचलतेस. ताई, आजपासून बंद कर. लघवी काळी दिसली तर तडक दवाखाना गाठ. माझ्यावरचा राग राहू दे, पण एवढं ऐक. तुलाही तेच आहे का, हे तपासल्याशिवाय खात्रीने कोणीच सांगू शकत नाही. पुढच्या गुरुवारी सकाळी अकराची वेळ तुझ्या नावाने ठेवली आहे.

आमच्या तपासणीच्या खोलीपर्यंत जिना आहे, चोवीस पायऱ्यांचा. मधल्या वळणावर खुर्ची ठेवून घेतली आहे. मी खाली दाराशी उभी राहीन. तू हवी तेवढी टेक. तू निघालीस की मगच मी निघेन.

नेहमी पुढे निघून गेलेली,
तुझी धाकटी